पायाखालची चौकशी

घराच्या पायाच्या खड्ड्यात मराठी माणूस काय काय टाकतो याची यादी केली, तर ती सिमेंट-वाळूच्या यादीपेक्षा लांब भरेल. नारळ, सुपाऱ्या, हळकुंडे, नवधान्य, पंचरत्नांची पुडी, तांब्याचा कलश, चांदीचा नाग, कुणीतरी काशीहून आणलेले गंगाजल आणि घरात सुबत्ता असेल तर सोन्याचा मणी. हे सगळे विधिपूर्वक खड्ड्यात जाते. खड्ड्यातून मात्र काहीच वर येत नाही. म्हणजे माती येते, पण ती जेसीबीने काढून ट्रॉलीत भरलेली असते आणि गल्लीच्या टोकाला ओतली जाईपर्यंत तिच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. आपल्याकडचे पाये कच्चे राहतात ते कंजूषपणामुळे, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे असे मला वाटते. पायावर आपण सढळ हाताने खर्च करतो. भटजींना दक्षिणा देतो, मिस्त्रीला टॉवेल-टोपी देतो, लोखंड तर सांगितल्यापेक्षा जास्तच घालतो. पैसे जात नाहीत ते फक्त चौकशीवर. मुलीचे स्थळ पाहताना सात पिढ्या खणून काढणारी माणसे प्लॉट घेताना सात फूट खणून पाहत नाहीत.

फुटिंग मुळात कशासाठी असते, हे पाहिले की घोटाळा कुठे आहे ते कळते. कॉलमचे काँक्रीट दणकट आणि माती त्या मानाने फारच मऊ. म्हणून कॉलमच्या तळाशी रुंद थर द्यायचा आणि भार पसरवायचा, एवढीच कल्पना. तळमजल्यावर आणखी दोन मजले असे घर धरू. एका कॉलमच्या वाट्याला प्रत्येक मजल्यावर १० चौरस मीटर जागा येते. स्लॅब, भिंती, फरशी, कपाटे, माणसे आणि दिवाळीला येणारे पाहुणे धरून चौरस मीटरला साधारण १.२ टन भार धरला, तर तीन स्लॅबचे ३६ टन झाले. फुटिंगचे स्वतःचे वजन मिळवून ४० म्हणू. आता जमीन चौरस मीटरला २० टन पेलणारी असेल तर फुटिंग २ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे १.४ मीटर बाजूचे पुरते. जमीन १० टनांचीच असेल तर ते २ मीटर बाजूचे करावे लागते. आणि ५ टनांचीच निघाली तर बाजू २.८ मीटरवर जाते, शेजारच्या कॉलमचे फुटिंग याच्या अंगाला भिडायला येते, आणि मग स्वतंत्र फुटिंगांचा नाद सोडून घराखाली अखंड राफ्ट घालावा का, असा विचार करावा लागतो. घर तेच, नकाशा तोच, सिमेंटचा ब्रँडही तोच. बदलला तो एकच आकडा, आणि तो आकडा फक्त मातीला ठाऊक आहे. तुलनेसाठी म्हणून, सत्तर किलोचा माणूस दोन्ही पाय टेकून उभा राहिला तर तो जमिनीवर चौरस मीटरला सुमारे २ टन दाब देतो, एका पायावर उभा राहिला तर ४. चांगल्या जमिनीवरचे तिमजली घर एकपायी माणसाच्या पाचपट दाबते, यापलीकडे त्यात भयंकर असे काही नाही. पंढरपुरात पुंडलिकाने तर विटेच्या फुटिंगवर भागवले.

पण घरमालकाच्या डोक्यात मजबुतीचे माप चौरस मीटर हे नसून किलो हे आहे, लोखंडाचे किलो. इंजिनिअरने १० मिलिमीटरची सळई लिहिली की हा १२ ची आणतो. ठेकेदार ‘पायात दोन सळया जास्तच टाकू, साहेब’ म्हणतो आणि घरातले सगळे त्या रात्री शांत झोपतात. ही उदारता जाते कुठे? घराचा पाया बिघडतो तेव्हा फुटिंग मधोमध मोडले असे क्वचितच घडते. खालची माती दबते, फुगते किंवा सरकते, आणि फुटिंग आपल्या जास्तीच्या सळयांसकट, अत्यंत सुस्थितीत, खाली जाते. शिवाय ते खाली गेले यातही फार बिघडत नाही. भारतीय मानक क्रमांक १९०४ हे पायांबद्दलचे मानक. काँक्रीटच्या सांगाड्याचे घर स्वतंत्र फुटिंगांवर असेल तर वाळूच्या जमिनीत ५० आणि मऊ चिकणमातीत ७५ मिलिमीटर खचलेले ते चालवून घेते. मात्र दोन कॉलम कमीजास्त खचले तर मानक लगेच डोळे वटारते. चार मीटरवरच्या दोन कॉलमांत त्याला फक्त ६ मिलिमीटरचा फरक मान्य आहे. सगळे मिळून बुडाले तर हरकत नाही, एकट्याने बुडू नये, असा हा कायदा आहे. पिसाचा मनोरा याच कलमाखालचा गुन्हेगार. ११७३ साली काम सुरू झाले, पाया जेमतेम तीन मीटर खोल, आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमारास मनोरा एका बाजूला कलू लागला. पुढे लढायांमुळे जवळजवळ शंभर वर्षे काम बंद राहिले, तेवढ्यात खालची चिकणमाती दबून घट्ट झाली आणि मनोरा वाचला. आपल्याकडेही बांधकामे मध्येच थांबतात, पण ती ठेकेदार दुसऱ्या साइटवर गेल्यामुळे, आणि त्याने मातीला फायदा होण्याइतका वेळ मिळत नाही.

यात इंजिनिअरांना सोडून देण्याचे कारण नाही. छोट्या घराच्या फुटिंगच्या ड्रॉइंगवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक टीप असते. जमिनीची भारक्षमता चौरस मीटरला २० टन गृहीत धरली आहे, साइटवर खात्री करून घ्यावी. खात्री कोणी करायची ते लिहिलेले नसते. मालकाला वाटते इंजिनिअरने केली, इंजिनिअरला वाटते ठेकेदार करील, आणि ठेकेदाराने ती टीप वाचलेली नसते, कारण त्याने फक्त फुटिंगचा तक्ता फाडून खिशात ठेवलेला असतो. खोलीच्या रकान्यात बहुधा ‘स्ट्राटा लागेपर्यंत’, म्हणजे घट्ट थर लागेपर्यंत, असे असते. स्ट्राटा लागला की नाही हे मिस्त्री ठरवतो. तो खड्ड्यात उतरतो, पहार उचलून आपटतो आणि आवाज ऐकतो. ‘टण्ण’ आला की पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटची बैठक, टाकायची, ‘थप्’ आला की आणखी फूटभर. या पद्धतीला हसण्याचे कारण नाही, कारण जगभर जी प्रमाणित पद्धत चालते तीही जातीने हीच आहे. तिथे ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडतात आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजतात. फरक इतकाच की तिथे ठोके वहीत लिहितात, आणि नळीत अडकलेली माती बाहेर काढून पाहतात. पहार फक्त वरच्या वीतभर थराशी बोलते. त्या थराखाली काय आहे, हे तिला कळण्याचा मार्ग नाही, आणि दोन मीटर बाजूच्या फुटिंगचा दाब खाली तीन-चार मीटरपर्यंत जाणवत असतो.

ही सगळी बेफिकिरी कोकणातल्या जांभ्यावर किंवा पुण्याच्या टेकडीवर, जिथे दोन-तीन फुटांवर मुरूम नाही तर खडक लागतो, तिथे पचून जाते. ती पचत नाही काळ्या मातीत, आणि महाराष्ट्राचा फार मोठा भाग काळ्या मातीचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पसरून दख्खनचा जो काळा दगड झाला, तो कुजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण पातळ पत्र्यांचे असतात आणि पत्र्यांच्या मधल्या जागेत पाणी शिरले की ते फुगतात, पाणी गेले की आकसतात. आता आपला मुहूर्त पाहा. अक्षय्य तृतीया, म्हणजे ऐन उन्हाळा. त्या दिवशी काळी माती दगडासारखी टणक असते, कुदळ उडते, पहार ‘टण्ण’ म्हणते, मिस्त्री खूश होतो. मे महिन्यात काळी माती जी आश्वासने देते ती जुलैत पाळत नाही. आणि या मातीचा खरा खट्याळपणा असा की ती लहान घराला जास्त छळते. चार मजल्यांच्या इमारतीचे वजन तिच्या फुगण्याला थोडेफार दाबून धरते. एकमजली बंगलीला ती अलगद उचलते, उन्हाळ्यात परत ठेवते, आणि ठेवताना तीच जागा सापडेल याची हमी देत नाही. म्हणून ‘एवढ्याशा घराला कशाला हवे मातीपरीक्षण’ हा जो नेहमीचा आक्षेप आहे, तो बरोबर उलटा आहे. एवढेसे आहे म्हणूनच हवे. घर बांधून झाल्यावर मधल्या खोल्यांखालची माती झाकली जाते, तिचे पाणी उडेनासे होते आणि ती हळूहळू फुगून राहते. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकते, आणि कडेला कडुनिंब लावला असेल तर आणखी सुकते. तिकडे दुसऱ्या कोपऱ्यात गच्चीचा पाइप बरोबर भिंतीच्या मुळाशी सोडलेला असतो. चार कोपऱ्यांना चार वेगवेगळे ऋतू. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, होळीच्या सुमारास उघडते, पोळ्यापर्यंत मिटते. मिटलेली असताना रंगारी येऊन तिच्यात पुट्टी भरतो आणि मालकाला वाटते रोग गेला. पावसाळ्यात दार घासू लागते, सुतार येऊन रंधा मारतो, लाकडाला शिव्या घालतो. उन्हाळ्यात त्याच दारातून पाल आरामात ये-जा करते. सुतार, रंगारी, प्लास्टरवाला, टाइल्सवाला, या सगळ्यांवर संशय घेऊन झाला तरी पायाचे नाव कुणी काढत नाही.

इथे वाड्यांचा मुद्दा येतो, आणि तो आवाज चढवून येतो. आमचा वाडा दीडशे वर्षे उभा आहे, आजोबांनी कुठली माती तपासली होती? यावर पहिले उत्तर असे की जे वाडे पडले ते साक्षीला येत नाहीत. त्यांचे दगड कधीच दुसऱ्याच्या जोत्यात गेले. दुसरे उत्तर असे की त्या वाड्याचा सांगाडा लाकडी, दर्जांत चुना किंवा माती, आणि चुन्याला थोडी हालचाल सोसते. भिंत बोटभर हलली तर ती बायकांनी लिंपून टाकली, त्याला भेग म्हणायची पद्धत नव्हती. पण खरे उत्तर तिसरे आहे. जुन्या गावांनी ‘पांढरी’ आणि ‘काळी’ असा भेद ठेवलेला होता. पांढरीत घरे, काळीत पिके. गावठाण सहसा उंचवट्यावर, पाण्याचा निचरा होईल अशा जागी धरलेले असे. आजोबांनी माती तपासली नव्हती हे खरे, कारण गावाने ती काही शतके आधी तपासून ठेवली होती. नातू मात्र पांढरी सोडून काळीत आला आहे, कारण गावठाणात पार्किंगला जागा नाही. तो एनए प्लॉटवर उभा राहून आजोबांचा दाखला देतो, हे म्हणजे पत्ता बदलून जुन्या पत्त्यावरचा मान मागणे झाले. जोत्यावर जुन्या लोकांनी किती भरवसा ठेवला होता ते पाहायचे तर शनिवारवाड्यात जावे. १० जानेवारी १७३० ला थोरल्या बाजीरावांच्या वाड्याचा पाया घातला गेला, १८२८ च्या आगीत वरचे सागवानी वैभव जळून गेले, आणि आज तट-दरवाजे ओलांडून आत गेल्यावर लोक तिकीट काढून जे पाहतात ते मुख्यतः जोते आहे. पाया हा पाहण्याचा विषय आहे असे आपल्याला वाटावे यासाठी वरचा सगळा वाडा जळावा लागला.

वास्तुशास्त्रवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण हल्ली नकाशावर पहिली सही त्यांची असते. पायखोदाई ईशान्येकडून, स्वयंपाकघर आग्नेयेला, संडास कुठेही असला तरी चुकीच्याच जागी. पण शास्त्र खरोखर उघडून पाहिले तर गंमत आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जागेची परीक्षा दिली आहे. हातभर खड्डा खणायचा, निघालेली माती परत त्यातच भरायची. माती उरली तर जागा उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. घट्ट जमीन खणल्यावर फुलते आणि परत तेवढ्या जागेत मावत नाही, पोकळ भरावाची जमीन मावून वर खड्डा राहतो, हे आजच्या मृदाशास्त्रालाही मान्य होईल. त्याची दुसरी परीक्षाही आहे. खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावले जाऊन परत यायचे आणि पाणी किती उरले ते पाहायचे. उन्हाळ्यातली काळी माती पहिल्या परीक्षेत गुण मिळवून पास होईल, कारण ती तेव्हा घट्ट असते. दुसरीत मात्र भेगांमधून सगळे पाणी पिऊन उघडी पडेल. एवढी स्वस्त, बिनयंत्राची, शिवाय प्राचीन असल्यामुळे आपोआप पूज्य असलेली परीक्षा वास्तुतज्ज्ञाने कुणाच्या प्लॉटवर करवून घेतल्याचे ऐकिवात नाही. आरशाची दिशा बदलायला मात्र तो हमखास सांगतो.

‘शेजाऱ्याने पाच फुटांवर पाया घातला, त्याचे काही बिघडले नाही’ हा आक्षेप थोडक्यात निकाली काढता येतो. दख्खनचा दगड सगळीकडे सारखा कुजत नाही. शेजाऱ्याकडे पाच फुटांवर मुरूम असेल आणि तुमच्याकडे तोच बारा फुटांवर. मध्ये बुजवलेला ओढा, विहीर किंवा जुनी खाण असेल तर मग बोलायलाच नको. शिवाय शेजाऱ्याचे काही बिघडले नाही हे आपल्याला शेजाऱ्यानेच सांगितलेले असते.

राहिला खर्चाचा आक्षेप, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा, कारण लोक तो गंभीरपणे करतात. प्लॉटच्या दोन-तीन कोपऱ्यांत चाचणीचे खड्डे घेणे आणि मातीचे नमुने प्रयोगशाळेत देणे याचा खर्च मॉड्युलर किचनच्या हँडलांच्या आसपास राहतो. पण समजा अहवाल वाईट आला, तर पुढचा खर्च? उपाय आहेत, आणि ते आपल्याच लोकांनी आपल्याच मातीसाठी काढले आहेत. काळा थर पातळ असेल तर तो काढून मुरमावर जायचे, हा सर्वांत जुना. थर जाड असेल तर रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने रुजवलेले अंडररीम्ड पाइल आहेत. भारतात काळ्या मातीची ओल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत ऋतूप्रमाणे बदलते. हे पाइल त्या खोलीच्याही खाली जातात आणि तळाशी खोडाच्या अडीचपट रुंद गड्डा करून तिथे घट्ट बसतात. वरची माती मग हवी तेवढी फुगो. आयआयटी मुंबईच्या प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर घट्ट ठोकून घातला तर फुगणे आटोक्यात राहते. म्हणजे ज्ञानाची टंचाई नाही. टंचाई आहे ती ते साइटपर्यंत सुखरूप पोचण्याची. पाइलवरच्या बीमखाली थोडी मोकळी जागा ठेवायची असते, माती फुगली तर तिला वर यायला वाव राहावा म्हणून. ड्रॉइंगवर ती जागा व्यवस्थित दाखवलेली असते. साइटवर गवंड्याला ती इंजिनिअरची चूक वाटते. बीमखाली पोकळ? तो घरच्या मायेने तिथे मुरूम भरतो, पाणी मारतो, धुमसाने ठोकतो, आणि संध्याकाळी मालकाला अभिमानाने दाखवतो. मालक त्याला चहा पाजतो.

ज्यांना एवढाही खर्च नको त्यांच्यासाठी सरकारने एक माहिती जवळजवळ फुकट ठेवली आहे, ती म्हणजे सातबारा. प्लॉट घेताना वकील सातबाऱ्यातला सात वाचतो. मालक कोण, बोजा किती, वारस कोण रुसले आहेत. बारा कुणी वाचत नाही, कारण त्यात पिकांची नोंद असते आणि आपल्याला तिथे पीक घ्यायचे नसते. पण जमीन एनए होण्यापूर्वीचा जुना उतारा काढून पाहिला आणि त्यात वर्षानुवर्षे कापूस, तूर, हरभरा, शाळू दिसला, तर तिथे काळी माती खोल आहे, हे तलाठ्याने आपल्या अक्षरात लिहून दिले आहे असे समजावे. उलट काही नोंदच नसेल, नुसता ‘पोटखराब’ असा शेरा असेल, तर खाली मुरूम किंवा दगड असण्याची आशा धरावी. शेतकऱ्याच्या दृष्टीने जी जमीन नालायक, ती फुटिंगला बहुधा लायक. बाजार मात्र याच्या बरोबर उलट चालतो. पोटखराबाकडे ढुंकून न पाहणारे गिऱ्हाईक एजंट मळ्यात नेऊन उभे करतो, ढेकूळ उचलून हातात देतो आणि म्हणतो, साहेब, सोन्यासारखी माती आहे, इथे एकरी ऐंशी टन ऊस निघायचा. गिऱ्हाईक ढेकूळ दाबून पाहते, खूश होते आणि तिथल्या तिथे इसार देते.